हवेची मूठ आणि घंटेची दोरी

लोणखेड्यात मगन पाटलाला सगळे कप्तान म्हणत. आता कप्तान म्हणजे जहाजाचा धनी, वरच्या काचेच्या केबिनीत पांढऱ्या कपड्यांत उभा राहणारा माणूस. आणि मगनने जहाजावर अठरा वर्षं काढली ती तळात, इंजिनाशेजारी, तेलकट डांगरीत. फिटर होता तो. पहिल्यांदा शहाद्याच्या बसस्टँडवर कोणीतरी ‘काय कप्तान, कधी आलात?’ म्हणालं, तेव्हा त्याने नीट समजावून सांगितलं की बाबा, मी कप्तान नाही. दुसऱ्यांदा थोडक्यात सांगितलं. तिसऱ्यांदा नुसता हसला. अशा गोष्टीला माणूस एकदा नुसता हसला की ती त्याला चिकटलीच म्हणून समजा. पुढे भावकीतल्या एका लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत ‘श्री. मगन पाटील (कप्तान)’ असं छापून आलं. बायको मयूरीने ती पत्रिका त्याच्यापुढे धरली आणि भाजी चिरायला निघून गेली.

खरं म्हणजे मगनला तळात असण्याचं वाईट कधी वाटलं नव्हतं, निदान समुद्रावर असेपर्यंत. त्याचा जीव होता हवेवर. मोठं जहाज बंदरात शिरतं तेव्हा इंजिन चालवतो वरचा माणूस, आणि त्याच्यात आणि इंजिनात असतात सात-आठ मजले. वर एक मूठ असते. ती वीतभर पुढे ढकलली की तळातलं घराएवढं इंजिन पुढे चालू लागतं, मधोमध आणली की थांबतं, मागे ओढली की उलटं फिरतं. मध्ये दोरी नाही, साखळी नाही. बोटभर जाडीच्या तांब्याच्या नळ्या आणि त्यांत दाबून भरलेली हवा. गावात हे कोणाला पटेना तेव्हा मगन एसटीच्या नव्या गाडीचं उदाहरण देई. ड्रायव्हर जागचा हलत नाही, बटण दाबतो, आणि मागचं दार फुस्स करून उघडतं. तीच हवा. नळ्यांत पाणी साचू द्यायचं नाही, फाटलेलं रबर बदलायचं, दाबाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, हे त्याचं काम. ते तो एखाद्या पुजाऱ्यासारखं करी.

कधी कधी ती हवा जाई. त्यात लाजण्यासारखं काही नसे. वरचा फोनवर म्हणे, ‘इंजिनाचा ताबा खाली घ्या.’ खालचा म्हणे, ‘घेतलं.’ मग एक माणूस इंजिनापाशी उभा राहून हुकुमाप्रमाणे हाताने दांडा ओढे, आणि जहाज बिनबोभाट धक्क्याला लागे. या गोष्टीचा सराव दर महिन्याला होई. इंजिन कोणाच्या हातात आहे हे मोठ्याने बोलल्याशिवाय ते कोणी हातात घ्यायचं नाही आणि कोणी सोडायचं नाही, ही तिथली रीत. मगनने ‘घेतलं’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला होता की मयूरीच्या म्हणण्याप्रमाणे तो झोपेतही ‘घेतलं’ म्हणायचा.

गुडघा कुरकुरायला लागला आणि तो घरी परतला. घरची केळी आणि ऊस धाकट्या हेमकांतने मुठीत ठेवलेले. हेमकांत वाईट नाही, पण दादाने बागेत काही करू म्हटलं की तो ‘तू बठ ना भाऊ’ म्हणून खुर्ची आणून देई. खुर्चीत बसून बसून कंटाळलेल्या मगनला एका संस्थेच्या दवाखान्याच्या लाँचवर काम मिळालं. नर्मदेवर धरण झालं आणि तिचं पाणी डोंगरांत शिरून बसलं, त्या फुगवट्यावर ही लाँच चालायची. मणिबेली आणि आसपासच्या पाण्याकाठच्या पाड्यांवर नर्स कामिनीताई गोळ्या, इंजेक्शनं, बाळांचे डोस घेऊन जायच्या. मोलगीपर्यंत जीप, पुढे डोंगर उतरून धक्का. आठवड्याचे काही दिवस मगन तिथेच राही.

लाँचचं सुकाणू झिपरू वसावेच्या हातात असे. झिपरू मणिबेलीचा. त्याच्या आजाचं शेत, घर, मोहाची झाडं सगळं त्याच पाण्याखाली गेलेलं, आणि त्या बुडालेल्या झाडांचे शेंडे कुठे कुठे आहेत हे त्याला बरोबर माहीत असल्यामुळे लाँच कधी अडकत नसे. झिपरू वर, मगन खाली. मध्ये घंटेची दोरी. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. लोणखेड्यातला कप्तान त्या एवढ्याशा लाँचच्या पोटात, कुबट उकाड्यात, घंटा वाजेल तसा दांडा ओढत बसे. समुद्रावर कधी न टोचलेली गोष्ट इथे टोचायला लागली. गावाहून कोणाचा फोन आला की तो ‘ड्युटीवर आहे’ म्हणे आणि इंजिनाचा आवाज जाऊ नये म्हणून फोनवर हात धरी.

म्हणून त्याने हवा बसवली. शहाद्याच्या भंगारातून ट्रकच्या ब्रेकची टाकी आणली, बसच्या दाराचा सिलिंडर आणला, इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा लहानसा कॉम्प्रेसर जोडला, दोन नळ्या वरच्या केबिनीत नेल्या आणि तिथे एक मूठ बसवली. पहिल्यांदा झिपरूने मूठ पुढे ढकलली आणि खाली कोणी नसताना लाँच चालू लागली, तेव्हा झिपरू खाली वाकून वाकून पाहत राहिला. मगनने घंटेची दोरी मात्र काढली नाही. जुनी सोय कापून टाकायची नाही, ही जहाजावरची शिस्त. त्याने दोरी गुंडाळून छताच्या हुकाला बांधून ठेवली. काम खरंच चांगलं झालं होतं. पावसाळाभर आणि दिवाळीपर्यंत त्या मुठीने कुरकूर म्हणून केली नाही. मगन आता वर बसू लागला, फोनवर मोकळेपणी बोलू लागला, आणि मुठीवर हात ठेवलेला त्याचा एक फोटो लोणखेड्यात फिरला.

आपल्याकडे माणसाने काही धड केलं की त्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. समाजाचे अध्यक्ष हेमराजआप्पांनी ठरवलं की कप्तानाचा सत्कार करायचा, आणि तो हॉलमध्ये नाही, थेट लाँचवर. सगळ्यांनी जायचं, मूठ कशी चालते ते पाहायचं, पाण्यावर जेवायचं. मगनची आई दगूबाई हिलाही आणायचं, आईला शेजारी उभं करून फोटो काढायचा. मगन आधी नको नको म्हणाला, पण किती नको म्हणायचं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सत्काराच्या आदल्या दुपारी सिलिंडरचं रबर फाटलं. मूठ पुढे केली की हवा नळीतून येई आणि सिलिंडरच्या फटीतून सूं करून निघून जाई. दांडा जागचा हलेना. त्या मापाचं रबर सुरतेहून मागवावं लागणार होतं. मगनने चामड्याची वाटी कापून बसवून पाहिली, ट्यूबचा तुकडा लावून पाहिला, सगळं वाया. घामाघूम होऊन तो इंजिनाशेजारी बसला. जहाजावर असता तर एका वाक्याचं काम होतं. उद्या आलेल्यांना सांगायचं, आज हवा गेली आहे, इंजिन हातावर चालवतोय. आणि स्वतः खाली जाऊन बसायचं. पण कप्तानाने खाली जाऊन बसायचं, आणि तेही शाल घ्यायच्या दिवशी, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरू आपली डोंगी वल्हवत धक्क्याला आला तेव्हा मगनने त्याला बाजूला घेतलं. बेत त्याने करून ठेवला होता. दोन्ही नळ्या सिलिंडरपासून सोडवून त्यांची तोंडं उघडी ठेवली होती. झिपरूने खाली बसायचं आणि एक तळवा त्या तोंडांपुढे धरायचा. इंजिनाच्या धडधडीत फुस्स काही ऐकू येणार नाही, पण हवा हाताला लागेल. डावीकडची लागली की दांडा पुढे, उजवीकडची लागली की मागे, काहीच नसलं की मध्ये. सुकाणू आणि मूठ मगन धरणार. झिपरूने सगळं ऐकून घेतलं.

“मंग सांगी दे ना दादा, आज हवा बिघडनी शे, हातवर चाली ऱ्हायनी,” तो म्हणाला.

“आजना दिवस, झिपरू. फक्त आजना दिवस.”

झिपरूने मान डोलवली. मगनला तो दादा म्हणे आणि मानेही तसा. त्याच्या बाळंतीण बहिणीला एकदा मगनने पाण्यातून वेळेवर पोचवलं होतं. मग मगनने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्याने झिपरूकडे पाहिलं नाही. डोंगी धक्क्याला बांधू नको, पलीकडच्या नाल्यात लाव. सुकाणूवाला आला आहे हे दिसलं की लोक विचारतील, तो कुठे आहे म्हणून. झिपरूने डोंगी नाल्यात नेली, काठाकाठाने चालत परत आला आणि पाहुणे यायच्या आत इंजिनखोलीवरचं झाकण उचलून खाली उतरला.

पाहुणे आले ते वाजतगाजत. झेंडूच्या माळा आणल्या होत्या, केबिनीला बांधल्या, मुठीला बांधल्या. एक माळ दाबाच्या काट्यावर आली आणि काटा झाकला गेला. मगनने ती सरकवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. उघड्या नळ्यांतून हवा वाया जाणार, काटा उतरत जाणार, हे त्याला न बघताही कळत होतं. न बघितलेलं बरं, असं त्याला वाटलं. अठरा वर्षांत त्याने काट्यावरून नजर काढली नव्हती.

लाँच सुटली. मगनने मूठ पुढे केली, क्षणभराने खालून धक्का बसला आणि पाणी मागे सरू लागलं. टाळ्या पडल्या. हेमराजआप्पांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की हे कसं चालतं, आणि चुकीचं सांगितलं, आणि मगनने दुरुस्त केलं नाही. झिपरू का दिसत नाही, असं कामिनीताईंनी विचारलं. तो आज आलाच नाही, असं मगनने सहज सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण न सांगता राहणाऱ्यातला तो नव्हता.

मणिबेलीच्या काठाला औषधं द्यायला थांबले. झिपरूची बायको फुलीबाई लहान पोराला कडेवर घेऊन उभी होती. लाँच आली की ती नेहमी काठावर यायची, झिपरू वरून हात करायचा, कधी बिस्किटाचा पुडा टाकायचा. आज तिने केबिनीत पाहिलं, मागे पाहिलं, आणि पाण्यात दोन पावलं येऊन विचारलं, “तो कोठे शे, दादा? सकायलेच निंघना व्हता.”

इंजिन थांबलेलं होतं. सगळीकडे शांत. ज्या फळ्यांवर मगन उभा होता त्यांच्या खाली हातभरावर झिपरू बसला होता, आणि त्याला शब्द न् शब्द ऐकू जात होता. मगनच्या मागे हेमराजआप्पा उभे होते.

“आज उनाच नही तो,” मगन म्हणाला, आलाच नाही म्हणून.

फुलीबाईचं तोंड उतरलं. ती वळून काठावरच्या पुरुषांकडे गेली. मगन वाट पाहत होता, खालून आता काही आवाज येईल, झाकण उचललं जाईल. काही आलं नाही. त्याने इंजिन सुरू करून मूठ मागे ओढली आणि लाँच शहाण्यासारखी मागे सरली. त्या घटकेला त्याला स्वतःची जी किळस आली ती त्याने पाहुण्यांना बुडालेल्या देवळाची गोष्ट सांगून गिळून टाकली.

पुढे पाणी रुंद झालं तशी मंडळींना मूठ धरायची हौस सुटली. आप्पांनी धरली. त्यांच्या सुनांनी धरली. मग पोरं. पुढे, मागे, पुढे, थांब, मागे. खाली झिपरूचा एक हात नळ्यांपुढे आणि एक दांड्यावर. अंग पुढेमागे करताना त्याचं मनगट धुराच्या तापलेल्या नळकांड्याला लागत होतं. मगनला हे माहीत होतं, कारण ते नळकांडं त्याने स्वतः कितीदा अंगाला लावून घेतलं होतं. तो पोरांना ‘बस झालं रे’ म्हणाला, पण हसत हसत, आणि हसत हसत सांगितलेलं पोरं कधी ऐकत नाहीत.

दगूबाईला ऊन लागलं. कामिनीताईंनी तिला खालच्या औषधांच्या खोलीत बाकावर निजवलं आणि त्या वर आल्या. त्या खोलीतून इंजिनाकडे एक लहानसं दार होतं. दार आहे हे मगनच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

सत्काराची वेळ झाली. लाँच पाण्याच्या मधोमध उभी केली, शाल निघाली, नारळ निघाला, फोटोवाला सरसावला. आईला बोलवा, आप्पा म्हणाले. मगन स्वतः खाली गेला. बाक रिकामा होता. लहान दाराच्या उंबऱ्यावर दगूबाई बसली होती, मांडीवर झिपरूचा हात घेऊन. तांब्यातलं पाणी त्याच्या भाजलेल्या मनगटावर धार धरून सोडत होती. झिपरूने मगनला पाहून हात काढून घेऊ पाहिला, तिने सोडला नाही.

मगनने हळूच सांगितलं की वर सगळे थांबले आहेत, फोटो काढायचा आहे.

“फोटोमा मी कोना शेजारे उभी ऱ्हाऊ, मगन?” ती वर न बघता म्हणाली. “चालावनारा ते आठे बठेल शे.”

 तो वर गेला. आईला चक्कर येतेय, ती निजली आहे, असं त्याने सांगितलं. आजचं हे कितवं खोटं ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. शाल त्याच्या अंगावर पडली. भर उन्हात ती गरम लोकरी शाल तो पांघरून उभा राहिला आणि भाषणं संपेपर्यंत काढली नाही.

परतीला ऊन कललं होतं. मणिबेलीचं वळण आलं आणि पुढचं पाणी डोंग्यांनी भरलेलं दिसलं. पाच-सहा तरी असतील. माणसं उभी राहून लांब बांबू पाण्यात खुपसत होती, पुन्हा काढत होती. एका डोंगीत दोर आणि गळ होते. मगनला आधी वाटलं मासे. मग त्याला मागे ओढून आणलेली एक रिकामी डोंगी दिसली, आणि ती त्याने ओळखली. तिच्या कडेला झिपरूने निळा रंग दिला होता.

त्या पाण्यावर ज्याची डोंगी भलतीकडे रिकामी सापडते तो माणूस बुडाला असं धरतात. घरून निघालेला, लाँचवर न पोचलेला, आणि नाल्याच्या तोंडाशी लागलेली डोंगी. मगनने ती तिथे लावायला सांगितली होती. मगनने सांगितलं होतं की तो आलाच नाही. काठावरून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. सगळ्यांच्या पुढे, वळणाच्या तोंडावर, एका डोंगीत फुलीबाई उभी होती आणि पाण्यात वाकून नवऱ्याला हाका मारत होती. तिची पाठ लाँचकडे होती.

मगनने मूठ खच्चून मागे ओढली. काही झालं नाही. पुन्हा पुढे करून पुन्हा ओढली. मूठ हाताला पोकळ लागली. त्याने झेंडूची माळ ओरबाडली. काटा शून्याला टेकला होता. दिवसभर पोरांनी खेळून आणि उघड्या नळ्यांनी ओकून टाकी रिकामी झाली होती. खाली झिपरू तळवा धरून बसला असेल, आणि तळव्याला काही लागत नाही म्हणून त्याने दांडा मध्ये आणला असेल, पण लाँच आपल्याच वेगाने पुढे चालली होती.

दोरी डोक्यावर होती. हुकाला गुंडाळलेली, हात वर केला की मिळेल अशी. तीन ठोके. पण घंटा वाजवली की घंटा ऐकणारा कोणीतरी खाली आहे हे सगळ्यांना कळणार. हेमराजआप्पा हातभरावर उभे होते, फोटोवाला होता, समाज होता, अंगावर शाल होती. आणि मगन पाटील थांबला. फार नाही, एक श्वासभर. पण त्या श्वासात त्याने फुलीबाईकडे पाहिलं नाही, आप्पांकडे पाहिलं. हे इतर कोणाला कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. ते त्याला एकट्याला कळलं आणि तेवढं पुरेसं झालं.

मग त्याने दोरी हिसडली. घंटा तीनदा खणखणली. तिसऱ्या ठोक्याचा आवाज विरायच्या आत खाली इंजिन थरथरलं, उलटं फिरलं, पाणी उसळलं, उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली. फुलीबाई वळून पाहते तो लाँचचं नाक तिच्या डोंगीच्या एवढं जवळ की तिने दोन्ही हात पुढे करून ते धरलं, जणू हातांनी ढकलून देता आलं असतं. लाँच थांबली. मगनने दोन ठोके दिले.

झाकण उचललं गेलं. झिपरू वर आला, तेलाने माखलेला, मनगटाला दगूबाईच्या लुगड्याची पट्टी बांधलेली. पाण्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे पाहत राहिली.  फुलीबाई डोंगीत मटकन खाली बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

झिपरूने आधी बायकोकडे पाहिलं, मग डोंग्यांकडे, मग आपल्या निळ्या कडेच्या डोंगीकडे, आणि काय झालं असेल ते त्याला उमगलं. मगनला वाटलं आता हा चारचौघांत बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. झिपरू त्याच्याकडे वळला.

“हवा सरनी व्हती, दादा,” तो म्हणाला. “घंटी वाजनी म्हनीसन समजनं.”

कामाचं बोलावं तसं बोलला तो. एका माणसाने दुसऱ्याला काम कसं झालं ते सांगावं, तेवढंच. मगनने शिवी खाल्ली असती तर कुठेतरी ठेवता आली असती. हे कुठे ठेवावं ते त्याला कळेना. हेमराजआप्पा दूरच्या डोंगराकडे बघू लागले. कामिनीताईंनी मगनकडे एकदाच पाहिलं आणि झिपरूचा हात बघायला पुढे झाल्या. दगूबाई शेवटी वर आली, मुलाच्या खांद्यावरची शाल घसरली होती ती उचलून तिने बाकावर घडी करून ठेवली.

लोणखेड्यात पुढे काय झालं ते ऐका. मगनने मनाची तयारी केली होती की लोक तोंडावर हसतील. कोणी हसलं नाही. समाज आपल्या माणसाला सांभाळून घेतो. दुसऱ्याच दिवशी समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले, शाल, नारळ, मूठ, आणि खाली मजकूर, की परतीच्या वाटेत आपले कप्तान मगनभाऊ यांच्या प्रसंगावधानाने मोठा अनर्थ टळला. शंभरएक लोकांनी हात जोडले, फुलं टाकली. हेमकांतने तो मजकूर जेवताना मोठ्याने वाचून दाखवला. दगूबाईने ताट सारलं आणि उठून गेली.  मगनने फोन घेऊन लिहायला सुरुवात केली, की असं काही घडलं नाही, माणूस मी लपवला होता. लिहिलं, वाचलं, पाठवलं.  मग आप्पांचा निरोप आला, मगनभाऊंचा मोठेपणा आहे, श्रेय घेत नाहीत. त्याखाली पुन्हा हात जोडले गेले.

सुरतेहून रबर आलं. मगनने ते बसवलं, नळ्या जोडल्या, टाकी भरून काटा पाहिला, मूठ दोनचारदा चालवून खात्री केली. सगळं पहिल्यासारखं चालायला लागलं. मग त्याने झिपरूला सांगितलं की मूठ तुझ्या हातात, पण मी खालीच बसणार, आणि छताच्या हुकाची दोरी सोडून खाली लोंबती ठेवली. हवा असताना खाली माणूस कशाला, असं झिपरूने विचारलं. असू दे, मगन म्हणाला. झिपरूने जास्त विचारलं नाही. आधीही तो जास्त विचारत नसे, पण पूर्वी न विचारण्यात जे होतं ते आता नव्हतं. दादा म्हणायचं मात्र त्याने सोडलं नाही, आणि मगनला ते दर वेळी लागे.

फुलीबाई काही आठवडे काठावर आली नाही. मग एकदा लाँच मणिबेलीला लागली, इंजिन थांबलं, आणि खाली बसलेल्या मगनला वरच्या फळ्यांतून तिचा आवाज ऐकू आला. ती झिपरूशी त्यांच्या पाड्यावरच्या बोलीत बोलली, पण एवढ्या दिवसांत मगनला तेवढं कळायला लागलं होतं. तिने झिपरूला विचारलं की दादा आलाय का आज.

वर झिपरू जरा थांबला, असं मगनला वाटलं.

आहे, त्याने सांगितलं. खाली आहे.

मग मुठीत हवा असूनही वरून एक ठोका पडला. मगन नेहमीच्या सवयीने ‘घेतलं’ म्हणाला, आणि दांड्यापाशी उभा राहिला.